घरचा पतंग, साधा दोरा



संक्रांत आठ दिवसांवर आली की आपल्या घराघरांतून दोन मागण्या सुरू होतात. बायकांना सुगडे हवी असतात, तीळ-गूळ हवा असतो, ओवशाला गाजर, बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि उसाची कांडी हवी असते. ही मागणी आपण मोडीत नाही. दुसरी मागणी पोरांची. त्यांना पतंग हवा असतो. तिला आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली आहेत. कांद्याची लागण चाललेली असेल, रात्रीच्या लायटीवर गव्हाला पाणी देऊन माणूस पेंगुळलेला असेल, तर आपण खेकसतो, "कामाच्या दिवसांत कसला रे पतंग?" हातात चार पैसे असले तर खिशात हात घालतो आणि म्हणतो, "जा, घे बाजारातून." दोन्ही उत्तरांनी पोर आपल्यासमोरून हलते आणि आपण मोकळे होतो.

यंदा तिसरे उत्तर देऊन पाहा, एवढे सांगण्यासाठी आजचा हा मजकूर. ते उत्तर असे, "बस इथे. आपण घरीच करू." वेळ जाईल तासाभराचा. खर्च जवळजवळ नाही.

हे मला का सुचले तेही सांगतो. गेल्या संक्रांतीनंतर पाचसहा दिवसांनी शाळू पाहायला म्हणून बांधाने चाललो होतो. बांधावरच्या बाभळीत एक पिंगळा उलटा लटकलेला दिसला. पंखाला दोरा गुंडाळलेला होता. जवळ जाऊन पाहिले तर जीव गेलेला. दोरा हाताने तोडू गेलो तर तो तुटेना, बोटालाच चिरा पडला. शेवटी विळ्याने कापावा लागला. तो नायलॉनचा दोरा होता. आमच्या नातवाच्या फिरकीचा होता की आणखी कोणाच्या, ते सांगता यायचे नाही. पण तसली एक फिरकी आमच्याही घरात होती, आणि ती मीच त्याला घेऊन दिली होती. पिंगळा म्हणजे आपल्या रानातला बिनपगारी राखणदार. रात्रभर उंदीर आणि किडे टिपतो. त्याला मारायला मी पैसे मोजले होते, असे त्या दिवशी मनाला लागले.

घरी आल्यावर फिरकी चुलीशेजारी ठेवली आणि नातवाला बोलावून सगळे सांगितले. तो रडला नाही, बोललाही नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मग पतंग उडवायचाच नाही का, आजोबा?" त्याच्या मागे त्याची बहीण उभी होती. तिलाही तेच विचारायचे होते हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. तेव्हा मला आमच्या आण्णांचा पतंग आठवला.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसांना सांगायला नको. नगर जिल्ह्याने फार सोसले त्या वर्षी. खरीप गेला, मागून रब्बीही गेली. माणसे खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जात, लेकरांना सुकडी मिळे. पुढच्या जानेवारीत संक्रांत आली ती नावालाच. तिळगूळ नव्हता. कडब्याचे ताट जनावरांच्या तोंडीही पडत नव्हते, मग पतंगाच्या काडीला कुठून मिळणार? आण्णा कामावरून दमून आले. घरातल्या खराट्यातले दोन हीर त्यांनी उपसले, सामानाच्या पुडीचा वर्तमानपत्राचा कागद सारखा केला, आईच्या गोधडीचा दोरा घेतला आणि दिवेलागणीच्या आत पतंग करून दिला. पीठ वाया घालवायचे नाही म्हणून बाभळीच्या डिंकाने चिकटवला. तो पतंग फार उंच गेला नाही. पण त्या वर्षातले मला आज काय आठवते म्हणाल, तर भूक आठवते आणि तो पतंग आठवतो.

तोच पतंग आपण आज करू. सगळे सामान घरातले आहे.

सामान

वर्तमानपत्राचे एक अखंड पान घ्या. दुमडलेले चालेल, फाटलेले नको. खराट्याचे चार लांब हीर घ्या. हीर नसले तर जुन्या डालग्याची किंवा टोपलीची बांबूची कामटी चालते. ज्वारीच्या ताटाची साल काढून तिचीही काडी होते, पण पेराच्या जागी ती लवकर मोडते. म्हणून ती उभ्या काडीला वापरा, वाकवायच्या काडीला नको. दोन चमचे कणीक, गोधडी शिवायचा सुती दोरा, कात्री आणि बाभळीचा एक काटा घ्या. झाले सामान.

माप वीत आणि बोटांनी सांगतो. ज्याला फूटपट्टी हवी त्याच्यासाठी सेंटिमीटरही देतो. मोठ्या माणसाचे बोट म्हणजे साधारण पावणेदोन सेंटिमीटर आणि वीत म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर धरा.

खळ

खळ आधी करून ठेवा म्हणजे ती निवते. दोन चमचे कणीक थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा. मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. चकाकी आली आणि पळीला धरू लागली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकीत. लेकरांच्या कामात ते अजिबात नको. मोरचूद विष आहे आणि पोरांची बोटे तोंडात जातात. खळ घरात नको असेल तर शिजलेल्या भाताची चार शिते चोळूनही काम भागते.

कागद

पान उभे धरा. वरचा एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या लांब कडेवर बरोबर बसवा. खाली जी पट्टी उरेल ती कापून काढा. घडी उलगडली की हातात चौकोन आला. त्याची बाजू पानाच्या रुंदीएवढी, म्हणजे दीड वीत, सुमारे ३४ सेंटिमीटर भरेल. कापलेली पट्टी टाकू नका. तिचीच शेपटी करायची आहे.

चौकोन आता असा ठेवा की एक टोक वर, एक खाली आणि दोन बाजूंना येईल. मघाची तिरकी घडी वरून खाली आली पाहिजे. ती उभ्या काडीची जागा.

चौकोन बरोबर आला की नाही हे पोरांना तपासू द्या. आडवी घडी घालून उरलेली दोन टोके एकमेकांवर आणायची. तंतोतंत बसली तर चौकोन सच्चा. एक दोरा तिरपा असला तर गोधडीचा सगळा कोपरा ओढतो, तसेच पतंगाचे आहे. इथे केसाएवढे चुकले तर वर गेल्यावर ते हातभर दिसते.

काड्या

उभी काडी तिरक्या घडीएवढीच हवी, म्हणजे ४८ सेंटिमीटर. ती सरळ असावी. हिराची केलीत तर दोन हीर जोडून घ्या.

आडवी काडी कमानीची. ती उभ्या काडीपेक्षा चार बोटे लांब, म्हणजे ५४ ते ५५ सेंटिमीटर घ्या. इथे एक युक्ती आहे. हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो. एकाच हिराची कमान केली तर जाड बाजू कमी वाकते आणि पतंग एका अंगाला झुकतो. म्हणून दोन हीर घ्या, एकाचे जाड टोक दुसऱ्याच्या बारीक टोकाशी ठेवा आणि चारपाच ठिकाणी दोऱ्याने घट्ट बांधा. दोन्ही बाजू सारख्या होतात. मग काडीचा बरोबर मध्य बोटावर ठेवून तोल पाहा. एक बाजू खाली गेली तर ती सुरीने किंचित तासा. पोराला तासू देताना सुरी तुमच्या हातात असू द्या आणि त्याचा हात तुमच्या हातावर.

हीर कडक असतील तर घटकाभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मग वाकवताना मोडत नाहीत.

जोडणी

उभी काडी घडीवर खळ लावून बसवा. तिच्यावर तीन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवा. वरचे आणि खालचे टोक नीट झाकून घ्या. वरच्या टोकापासून आठ बोटांवर, सुमारे १४ सेंटिमीटरवर, खूण करा. कमानीच्या काडीचा मध्य त्या खुणेवर उभ्या काडीला दोऱ्याने फुलीत बांधा. आता कमानीची दोन्ही टोके हळूहळू खाली वाकवत बाजूच्या कोपऱ्यांवर आणा. कोपऱ्याचा कागद काडीवर दुमडून खळीने चिकटवा आणि वरून कागदाचा एकेक तिकोनी तुकडा लावा. हे दोन कोपरे एकाने धरायचे आणि दुसऱ्याने चिकटवायचे. एकट्याचे काम नाही ते. म्हणूनच मला ते आवडते.

पतंग सावलीत वाळू द्या, तासभर तरी. उन्हात घातला तर कागद आखडतो आणि पतंग वेडावाकडा होतो. वाळेपर्यंत त्यावर काही ठेवू नका. मांजर असेल तर तिच्यावरही लक्ष ठेवा.

शेपटी

उरलेल्या पट्टीच्या दोन बोटे रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. पाच निघतील. टोकाला टोक चिकटवून एकच लांब पट्टी करा, ती दीड मीटरच्या पुढे भरेल. पतंगाच्या खालच्या टोकाला ती लावा. वर्तमानपत्राचा कागद पतंगी कागदापेक्षा जड असतो आणि आपल्या हातची कमान बाजारच्या कारागिरासारखी सच्ची नसते. ही दोन्ही वैगुण्ये शेपटी सांभाळून घेते. पतंग वर जाऊन डोलू लागला किंवा गिरक्या घेऊ लागला तर आणखी एक पट्टी जोडा. उठायलाच जड जात असला तर एक काढा.

कणी

सगळे जमते आणि कणीपाशी घोडे अडते. म्हणून इथे सावकाश चला.

पतंग उलटा करा. काड्या मागे आणि गुळगुळीत कागद तुमच्याकडे आला पाहिजे. जिथे दोन काड्यांची फुली आहे तिथे काट्याने दोन भोके पाडा, फुलीच्या दोन अंगांना एकेक. दोरा त्यातून ओवून दोन्ही काड्यांना मिळून गाठ मारा. खालच्या टोकापासून सात बोटांवर उभ्या काडीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन भोके पाडा आणि दोऱ्याचे दुसरे टोक तिथे बांधा. मधला दोरा अडीच वीत सैल राहू द्या. आता हा सैल दोरा चिमटीत धरून पतंग उचला. वरचा भाग खालच्या भागापेक्षा एक बोट आखूड राहील अशा जागी गाठ मारून छोटा फास करा. उडवायचा दोरा या फासात बांधायचा.

मग पतंग फासाने टांगून पाहा. डावा-उजवा कोपरा सारखा राहिला पाहिजे. एक बाजू खाली झुकत असेल तर दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्याला कागदाचा लहानसा तुकडा चिकटवा. तराजूला पासंग लावतो तसा.

उडवताना

सकाळी दव असते आणि वारा पडलेला असतो. ओला दोरा जड होतो. उन्हे चांगली वर आली आणि लिंबाची पाने सारखी हलू लागली की निघा. डहाळ्यांपेक्षा मोठ्या फांद्या हलत असतील आणि फुफाटा उठत असेल तर हा पतंग फाटेल. दुसऱ्या दिवशी जा.

जागा कोणती? मोकळे रान, खळे, गावाबाहेरचा माळ किंवा शाळेचे पटांगण. उभ्या शाळूत किंवा हरभऱ्यात पोरे घुसता कामा नयेत. आपल्याही नाही आणि शेजाऱ्याच्या तर मुळीच नाही. पतंगापायी बांधाची भांडणे नकोत.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. दुसऱ्याने पतंग घेऊन वीस-पंचवीस पावले समोर जावे आणि शेपटी मागे मोकळी सोडावी. पतंग टोक वर करून धरायचा आणि वाऱ्याची झुळूक आली की नुसता सोडायचा. फेकायचा नाही. दोरा धरणाऱ्याने तेवढ्यात दोन हात ओढून घ्यावा. पतंग उठला की थोडी ढील, पुन्हा थोडी ओढ. पळत सुटायची गरज नसते. पळावे लागत असेल तर वारा कमी आहे किंवा कणी चुकली आहे.

कणी कशी सुधारायची ते लक्षात ठेवा. पतंग हाताला जोराने ओढतो पण वर चढत नाही, तर वरचा दोरा थोडा आखूड करा. पतंग वर सरकतो पण दोरा ढिला पडून नाक खाली घालतो, तर वरचा दोरा थोडा लांब करा. एका वेळी अर्ध्या बोटापेक्षा जास्त हलवू नका. आमच्या नातवाने चार वेळा गाठ सोडून बांधली. पाचव्या वेळी पतंग उठला. चार वेळा चुकू दिले म्हणून पाचव्या वेळचे त्याचे झाले.

दोरा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसावर गुंडाळा. हातात छान बसते.

दोऱ्याविषयी

आता मुख्य बोलणे. या पतंगाला सुती दोराच लावायचा. नायलॉनचा दोरा घरात आणायचा नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि अशाच कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो दरवर्षी चोरून विकला जातो, आणि दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला मोटारसायकलवरच्या माणसांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतात. तो दोरा बारीक असतो, दिसत नाही आणि तुटत नाही. दुचाकीवर आपला मुलगा पुढे बसलेला असतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने मनात आणावे.

शेतकऱ्याला त्याचे आणखी एक कारण आहे. सुती दोरा पावसापाण्यात कुजून मातीत जातो. नायलॉन कुजत नाही. तो बांधाच्या झाडावर राहतो, कडब्याच्या पेंढीत येतो, शेळीच्या पायाला आवळतो. चाऱ्याबरोबर पोटात गेला तर जनावराला तो पचत नाही. आपण खेळलो दोन दिवस आणि दोरा रानात राहिला वर्षानुवर्षे, असा हा सौदा आहे.

पोरे म्हणतील, साध्या दोऱ्याने आपला पतंग कापला जाईल. जाईल. शेपटीचा पतंग पेचासाठी नसतोच. आणि कापला गेला तर गेले काय? जुन्या पेपरचे एक पान. दुसरा करू, पहिल्यापेक्षा चांगला होईल. ज्यांना पेचाची हौस आहे त्यांनी कोपरगावच्या पलीकडे येवल्याला जाऊन पाहावे. नाशिक जिल्ह्यातले हे पैठणीचे गाव भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस धाब्यांवर आणि गच्च्यांवर असते. तिथे दोरा आसारीवर गुंडाळतात. कसबी माणूस नुसत्या ढील आणि ओढीवर पतंगाला हवे तसे नाचवतो. खरी विद्या हाताची असते.

साध्या दोऱ्याची एक गोष्ट पोरांना सांगा. अमेरिका आणि कॅनडा यांच्या मधोमध नायगारा नदीची खोल दरी आहे. १८४८ साली तिथे पूल बांधायचा होता, पण पहिली दोरी पलीकडे न्यायची कशी हा प्रश्न पडला. तेव्हा बक्षीस लावले गेले, आणि होमन वॉल्श नावाच्या एका मुलाने पतंग उडवून त्याचा दोरा पैलतीरी पोचवला. त्या दोऱ्याला बांधून जाड दोर गेला, जाड दोराला बांधून तारा गेल्या, आणि तिथून पुलाचे काम सुरू झाले. पतंगाचा दोरा जोडण्यासाठी असतो, हे सांगायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

जपायचे ते

विजेच्या तारा असतील तिथे पतंग उडवायचा नाही. तारेत अडकला तर तो सोडून द्यायचा. काठी घालायची नाही, दोरा ओढायचा नाही, खांबावर चढायचे नाही. चकचकीत चंदेरी कागदाचे पतंग तारांजवळ फार वाईट, त्यावर धातूचा मुलामा असतो. तार तुटलेली दिसली तर तिच्यापासून दूर उभे राहून १९१२ या क्रमांकावर कळवा.

पतंगाकडे पाहत मागे सरकणाऱ्या पोराला विहीर दिसत नाही, धाब्याची कड दिसत नाही. शेततळ्यांचे तर विशेष सांगतो. प्लास्टिकच्या कागदाला पाय टिकत नाही, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. आपल्या भागात शेततळी आता जागोजागी आहेत. म्हणून पहिल्या दिवशी मोठे माणूस बरोबर हवेच.

दिवस मावळायच्या आधी पतंग उतरवा. त्या वेळी बगळे, साळुंक्या आणि पोपट थव्यांनी घराकडे परततात. त्यांची वाट तीच आहे आणि ती आपल्या आधीची आहे. घरी येताना तुटका दोरा रानात टाकू नका, गोळा करून आणा.

आणि मायबहिणींनो, बाप रात्री पाण्यावर आणि दिवसा झोपेत असेल तर हे काम तुम्ही करा. गाठ मारणे, खळ करणे, दोरा सारखा ठेवणे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले येते. लेकीच्या हातात दोरा द्यायला विसरू नका. आमच्या नातीने भावाने सोडलेला पतंग तासभर वर ठेवला आणि खाली आणला तो एकही फाटका कोपरा न करता. मी तिला आधी नुसते "कागद धर" म्हटले होते, याची मला लाज वाटली.

आपल्याकडे खोट्या बातम्या पसरवणाऱ्याला वावड्या उडवतो म्हणतात. वावडी म्हणजे पतंगच. मोठा, खेड्यातला. बारामती-फलटणच्या बाजूला नागपंचमीला आभाळ पतंगांनी भरते. म्हणजे हा खेळ आपला जुना आहे, परका नाही. संत नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात त्यांनी पतंगाचा दृष्टांत दिला आहे. मुलगा कागदाचा पतंग करून आभाळात सोडतो, सवंगड्यांशी बोलतो, पण त्याचे चित्त दोऱ्यावर असते. त्याच पदात ते पुढे गाईचे सांगतात. ती दूर कुठे चरते, पण तिचे मन वासरात असते. देवाकडे चित्त कसे असावे यासाठी त्यांनी ते सांगितले.

मी ते वाचतो तेव्हा मला आण्णा आठवतात. दिवसभर खडीवर हातोडा चालवत होते, पण चित्त कुठे होते ते दिवेलागणीला कळले. आपणही दिवसभर रानात असतो. आपले मनही घरातल्या लेकरात असते. फक्त ते लेकराला कळत नाही, कारण आपण सांगत नाही. तासभर शेजारी बसून कमानीचे एक टोक धरले, तर न सांगता कळते.

आमच्याकडची ती नायलॉनची फिरकी मी कातरून, तुकडे पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. चुलीत घातली नाही, धूर वाईट असतो. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही तसेच करा, रानात फेकू नका. मग पोरांना हाक मारा आणि खराट्यातले हीर उपसा. घरच्या लक्ष्मीला आधी विचारा मात्र, नाहीतर संक्रांत तुमच्यावरच यायची.

तिळगूळ घ्या, गोड बोला.